पँट लांब-आखूड होते ती आसनामुळे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घ्या नाहीतर मॉलमध्ये, जीन्सवर ३२ × ३० असे दोन आकडे असतात. पहिला कमरेचा. दुसरा आतल्या लांबीचा, म्हणजे जांघेत चार शिवणी मिळतात तिथपासून आतल्या शिवणीवरून मोहरीपर्यंत, म्हणजे पायाच्या खालच्या कडेपर्यंत. टेलर मात्र बहुतेक वेळा पट्ट्यापासून खाली बाहेरची लांबी घेतो. या दोन मापांतला फरक म्हणजे ढोबळमानाने आसन (जांघेपासून पट्ट्यापर्यंतची उंची), आणि घोळ होतो तो तिथेच.

समजा जीन्सची बाहेरची लांबी ४० इंच आणि आसन ९. आतली उरली ३१. आता तेच ४० धरून ११ इंच आसनाची फॉर्मल पँट शिवली, तर आतली लांबी २९ आणि घोटे उघडे! म्हणून टेलरला दोन्ही मापं द्यावीत. नीट बसणारी पँट सपाट पसरा, वरचा पाय कमरेकडे दुमडा, उघड्या पडलेल्या शिवणीवर टेप ठेवा. कापड ताणू नका. दुसरा पायही मोजा, रेडीमेडमध्ये पाव इंचाचा फरक सहज निघतो.

पोट सुटलेल्यांची पँट खाली घसरते, जांघेची शिवण लोंबते आणि मोहरी बुटावर गोळा होते. मग ते लांबी कमी करून घेतात. पट्टा वर ओढला की तीच पँट आखूड! अशा वेळी आधी कमर दुरुस्त करावी, मोहरीला हात नंतर.

कॉटन आणि लिनन कापण्याआधी धुऊन वाळवाच. ३ टक्के आटलं तरी ३० इंचांत जवळजवळ एक इंच जातो. चवथीच्या तोंडावर टेलरकडे ढीग असतो, तेव्हा धुण्याचं कोणी विचारत नाही.

निमुळती पँट दोन इंच कापली की मोहरी रुंद होते, कारण गेला तो सगळ्यात अरुंद भाग. गुडघ्यापासून खाली शिवण आत घ्यायला सांगा. उलट लांबी वाढवायची तर फॉर्मलमध्ये दीड-दोन इंच माया, म्हणजे जादा कापड, आत दुमडलेली असते. जीन्समध्ये जेमतेम अर्धा इंच मिळतो, आणि जुन्या दुमडीची फिकट रेघ राहते ती वेगळीच.

पावसाळ्यात स्कूटरवर बसलं की मोहरी वर सरकते, म्हणून काहीजण लांबी वाढवून घेतात. मला हे पटत नाही. चालताना ती टाचेखाली जाते, भिजते आणि तांबडी माती धरते. रोजची चप्पल घालून उभं राहिल्यावर मागची कड जमिनीपासून एक इंच वर असू द्या. बुटावरच्या पँटला मोहरी तिरकी कापून मागे अर्धा इंच जास्त सोडली, तर पुढे सुरकुती पडत नाही आणि मागे मोजे दिसत नाहीत. बाहेर दुमडलेल्या मोहरीला हे नीट जमत नाही.

राहिली पिळलेली पँट, जिची आतली शिवण फिरून नडगीवर येते. कापड तिरकं कापलेलं असतं, नाहीतर पुढचा आणि मागचा तुकडा गुडघ्याशी न जुळवता शिवलेला असतो. डेनिममध्ये तर विणीचाच पीळ धुतल्यावर उतरतो. कापड तिरकं गेलं असेल तर उसवूनही फार काही हाती लागत नाही. घेतानाच पँट पट्ट्याला धरून लोंबती ठेवा आणि शिवण सरळ पडते का ते बघा.