बुजलेल्या कमानी

जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम मी करते. इंग्लंडमधल्या यॉर्कशरला आले त्याच वर्षी वॉरम पर्सी या उजाड गावातल्या सेंट मार्टिन चर्चच्या भिंती तपासायला पाठवलं. गाडी वरच ठेवायची आणि ओळंबा, मोजपट्टी, वही पाठीवर टाकून दरीत पायी उतरायचं. गाव नाहीच. गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे, त्यांवर मेंढ्या, आणि तळ्याकाठी बिनछपराचं चर्च. त्याचा निम्मा मनोरा १९५९ मध्ये ढासळला.

दक्षिणेची भिंत मोजताना हात थांबला. आडवे चाललेले थर मध्येच तुटले होते. घडीव दगडांची एक कमान वर चढून पुन्हा खाली आली होती आणि तिच्या पोटात वेगळेच दगड ठासलेले. शेजारी आणखी एक, तशीच. चार पावलं मागे गेले तेव्हा उलगडा झाला. एके काळी ही भिंत बाहेरची नव्हतीच! या कमानींतून माणसं पलीकडच्या दालनात जात-येत. गाव वाढतं होतं तेव्हा दोन्ही अंगांना दालनं जोडली. वस्ती आटली तशी ती पाडून कमानी बुजवल्या. गावाची अख्खी खानेसुमारी त्या भिंतीत होती.

प्लेगनं गाव खाल्लं असं पुष्कळ जण अजूनही सांगतात. मला ते खटकतं. १३४९ च्या साथीनंतरही इथे दीडशे वर्षं चुली पेटत होत्या. १५०० च्या सुमारास उरलीसुरली घरं जमीनदारानं मोडली, मेंढ्यांसाठी. लोकरीला भाव होता. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट या अभ्यासकांनी १९५० पासून चाळीस वर्षं उन्हाळ्या-उन्हाळ्यात इथे उत्खनन केलं, म्हणून हे कळलं.

गाव गेल्यावरही चर्च मात्र टिकलं. त्याच्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, थिक्सनडेलसारखी इतर खेडी होती. तिथली माणसं टेकड्या ओलांडून प्रार्थनेला इथे येत. १८७० मध्ये थिक्सनडेलला स्वतःचं चर्च झालं, आणि १९४९ नंतर इथे प्रार्थना झाली नाही.

माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली आहे. घर सोडताना नाही, पण देवळातली मूर्ती उचलताना गावकरी रडले, असं आजी सांगायची. त्या दुपारी कमानीच्या दगडावर हात ठेवून मी बराच वेळ उभी होते.

कमानीच्या कडेची दरज मोकळी झाली होती. ती चुन्यानं भरावी, पण कमानीची रेघ झाकली जाऊ नये, हे मी अहवालात सगळ्यात आधी लिहिलं.