गाफ अडकला, गाणं मात्र चालूच

अमेरिकेत मेन राज्यातल्या रॉकलंड बंदरातून सुटणाऱ्या एका दोन डोलकाठ्यांच्या स्कूनरवर मी पाच उन्हाळे डेकहँड होतो. जहाजाला इंजिन नाही. वारा पडला की मागची छोटी मोटरबोट ढकलते, तेवढंच. शिडं चढवायची ती हातांनी, आणि हात प्रवाशांचे. १९३६ मध्ये फ्रँक स्विफ्ट यांनी शेजारच्या कॅम्डेनहून जुन्या मालवाहू स्कूनरवर सुट्टीतले प्रवासी न्यायला सुरुवात केली, तेव्हापासूनची ही रीत. तिकीट काढून आलेला माणूस न्याहारी आटोपून दोराला लागतो आणि मनापासून खूश होतो.

मोठ्या शिडाच्या माथ्याला एक जाड वासा असतो, गाफ. शीड चढतं ते त्याच्यासकट. गाफाला दोन दोर: एक डोलकाठीला जबड्यासारख्या धरून असलेल्या टोकाला, दुसरा बाहेरच्या शेंड्याला. एकावर डावीकडची रांग, दुसऱ्यावर उजवीकडची. दोन्ही टोकं बरोबरीने वर गेली पाहिजेत. शेंडा पुढे गेला की गाफाचा जबडा डोलकाठीला चावून बसतो आणि मग कितीही ओढा, हलत नाही.

त्या जुलैत एका कॉलेजचा गायकवृंद आला. अठरा जण आणि त्यांच्या साठीच्या पुढच्या संचालिका. ही मंडळी आलीच होती शँटी, म्हणजे खलाशांची कामाची गाणी, गायला. २०२१ मध्ये जगभर फोनवर गाजलेलं ते व्हेलशिकाऱ्यांचं गाणं त्यांना पाठ होतं. ते ऐकायला छान, पण दोर ओढायच्या कामाचं नाही. मी त्यांना ओढायची शँटी सुचवली, तर तीही त्यांनी चार आवाजांत, म्हणजे एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटींत, बसवून आणलेली निघाली.

पेनोबस्कॉट खाडीत नांगरावर होतो. नऊ-नऊ जणांच्या दोन रांगा केल्या आणि गाणं सुरू झालं. इतकं देखणं गाणं मी डेकवर कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या बोटीवरचे लोक उठून उभे राहिले. सुरुवातीला शीड हलकं असतं, कसंही ओढलं तरी चढतं. अर्ध्यावर वजन आलं आणि शेंडा उचलला गेला, जबडा मागे राहिला. कॅप्टन ओरडला, "शेंडा थांबवा!" सुरांच्या गर्दीत ते कुणाला ऐकूच गेलं नाही. वर करकर असा लाकडाचा आवाज आला. उजव्या रांगेतल्या एका मुलाच्या तळव्यातून दोर सर्रकन सुटला. मी धावत जाऊन दोराला खुंटीचा वळसा दिला, त्याच्यामागे दुसरा. मुलाचा तळवा पाहिला तर करंगळीखालचं कातडं सोलवटून गुलाबी झालं होतं. चूक माझी होती. गाणं ऐकत राहिलो आणि दोराकडे पाहायचं सोडलं.

मी मालवणजवळच्या देवबागचा. रापणीचं जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन जथे ते ओढतात. एक बाजू पुढे गेली तर जाळं वाकडं होतं, मासळी निसटते. आजोबा मधे उभे राहून हाळी द्यायचे. त्यांना कुणी गायक म्हटलं नाही. पण हाळीनंतर ते किती थांबतात, यावर सगळ्या वाडीचे हात चालायचे.

शँटीही मुळात तीच गोष्ट. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर शेकडो माणसं, तिथे कामात गाणं चालत नसे. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी जहाजांवर माणसं मोजकी, म्हणून तिथे एकेका ओढीत सगळ्यांचं बळ एकाच क्षणी पडणं गरजेचं. चांगला शँटीमॅन, म्हणजे शँटीतली एकट्याची ओळ गाणारा, दहा माणसांच्या बरोबरीचा, असं खलाशी म्हणत. अमेरिकेतल्या मोबाइल आणि न्यू ऑर्लिन्स या बंदरांत जहाजांत कापसाचे गठ्ठे ठासणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांच्या गाण्यांतून यातलं कितीतरी आलं. ते गवई म्हणून नव्हे, कामकरी म्हणून गात होते.

मुलाच्या हाताला पट्टी बांधून होईपर्यंत संचालिका दोराकडे पाहत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मी यांना श्वास वेगवेगळ्या ठिकाणी घ्यायला शिकवलंय."

म्हणजे काय, ते त्यांनीच सांगितलं. वृंदात सूर तुटू नये म्हणून शेजारच्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही. त्यामुळे आवाज अखंड राहतो. पण ज्याचा श्वास चालू असतो त्याच्या हातात जोर नसतो. अठरा जण अठरा वेळांना दम घेत होते आणि दोर धक्क्याधक्क्याने सरकत होता. पाच वर्षं मी लोकांना ‘एकदम ओढा’ सांगत आलो होतो. एकदम ओढायचं तर आधी एकदम श्वास घ्यावा लागतो, हे मला त्या बाईंनी दाखवलं. एकट्याची ओळ असते ती त्यासाठीच. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी गप्प राहायचं, दम भरायचा, दोरावर पकड पुढे घ्यायची. मग कोरसच्या ओळीत दोन ठरलेल्या शब्दांवर दोन ओढी.

आम्ही शेंडा थोडा सैल सोडला, जबडा मोकळा झाला. चार आवाज बंद, सगळे एका सुरात. ओळ मी म्हटली, माझ्या साध्या गळ्याने, आणि ओळीनंतर आजोबांइतका थांबलो. अठरा छात्या एकदम भरल्याचा आवाज आला. ओढ! ओढ! प्रत्येक वेळी गाफ हातभर वर. शेवटी शीड ताठ झालं, कॅप्टनने हात वर केला आणि त्या क्षणी सगळे थांबले. कानावर फक्त कापडाची फडफड.

मग नांगर. आमच्या नांगराच्या रहाटाला दोन्ही बाजूंना दांडे आहेत, हातपंपासारखे वरखाली करायचे. चाकाच्या दात्यांत खिट्टी पडत जाते, त्यामुळे साखळी मागे सरकत नाही आणि कुणी मधेच दम घेतला तरी बिघडत नाही. मी संचालिकांकडे वळून म्हटलं, "इथे तुमच्या पद्धतीने गा."

चारही आवाज सुटले. खिट्टी कटकट वाजत होती. चिखलाने माखलेली साखळी कडी-कडीने वर येत होती, आणि पट्टी बांधलेला तो मुलगा बादलीने पाणी ओतून ती धूत धूत खालच्या पट्टीत गात होता.