कुर्ला गेलं, मी उतरले नाही

आज सकाळी पुन्हा पॅनिक अटॅक आला. ठाण्याहून फास्ट लोकल, लेडीज डबा. घाटकोपर सुटलं आणि छातीत धडधड सुरू. बोटांना मुंग्या, घशाला कोरड, आणि तीच खात्री, की आता मी जाणार. २४ वर्षांची आहे मी. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. "टेन्शन घेऊ नकोस" म्हणतात सगळे. कसलं टेन्शन? मी नुसती खिडकीबाहेर बघत होते.

समोरच्या मावशी मटार सोलत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, मूठभर शेंगा माझ्या हातात दिल्या. "सोल गं." पहिली शेंग उघडेचना, हात इतके थरथरत होते. दुसरीत सात दाणे निघाले. मोजले मी.

श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात; लाट साधारण १० मिनिटांत शिखर गाठून ओसरायला लागते, असं डॉक्टरांनी समजावलंय. ऐन वेळी काहीच आठवत नाही. आज दाणे मोजताना आठवलं.

एरवी मी कुर्ल्याला उतरून बाकावर बसून राहते. आज थेट दादर. मावशींना धड थँक्यूही म्हणाले नाही, गर्दीने लोटलं. नखांत अजून हिरवं आहे.