टाबेर्नासची बँक

मी कला विभागातला माणूस. गोरेगावच्या चित्रनगरीत सेट उभे करायचे आणि शूटिंग आटपलं की मोडायचे, हा आमचा धंदा. त्यामुळे एका जाहिरातीच्या रेकीसाठी, म्हणजे शूटिंगची जागा बघायला, दक्षिण स्पेनमध्ये अल्मेरियाजवळच्या टाबेर्नास वाळवंटात गेलो, तेव्हा काउबॉयचं ते गाव बघून आधी हेवाच वाटला.

दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ या काउबॉयपटासाठी 1965 साली कलादिग्दर्शक कार्लो सिमीने हे गाव बांधलं. शूटिंग संपल्यावर एक्स्ट्रा म्हणून काम केलेल्या लोकांनी ते विकत घेऊन पर्यटकांना खुलं केलं. आज त्याचं नाव मिनी हॉलिवूड. सलून (केस कापायचं नव्हे, काउबॉयचा दारूचा गुत्ता), शेरीफची कचेरी आणि ती सुप्रसिद्ध बँक. गंमत म्हणजे सिनेमात या बँकेचा मॅनेजर झालाय खुद्द सिमीच. आपण बांधलेल्या बँकेत आपणच मॅनेजर! आम्हाला श्रेयनामावलीत नाव धड वाचता येईल इतका वेळ दिसलं तरी पुष्कळ.

चौकात दरोडेखोर-शेरीफचा खेळ सुरू झाला. गोळीबार, पळापळ, छपरावरून पडणारा स्टंटमन, सगळं झकास. पर्यटक मोबाइल उंचावून उभे होते. मी मात्र टेप घेऊन घरांच्या मागच्या अंगाला गेलो. काही घरं म्हणजे नुसतं तोंड, मागे लाकडी टेकू. हे ओळखीचं. पण समोरच्या फळ्यांवरून हात फिरवला तर लाकडाच्या रेषा बोटांना लागत होत्या. मुंबईत नवी फळी जुनी दाखवायची तर आम्ही ती ब्लोलॅम्पने जाळतो, तारेच्या ब्रशने घासतो, वर पातळ रंगाचा हात मारतो. इथे ते काम उन्हाने फुकटात केलं होतं.

आमच्या सुतार मिस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला आणि गल्ली दाखवली.

“पावसाळ्यात ताडपत्री घालतात का हो?”

“पाऊसच नाही, मिस्त्री. वर्षाला जेमतेम दोनशे-अडीचशे मिलिमीटर. चहूकडच्या डोंगरांनी ढग अडवलेत.”

ते हसायलाच लागले. मुंबईत तेवढा एखाद्या दिवसात पडतो. ऑगस्टमध्ये आमच्या प्लायला बुरशी येते, पीओपीचे पापुद्रे सुटतात, ही त्यांची जन्माची तक्रार.

दिग्दर्शकाला फोटो आवडले, निर्मात्याला बजेट आवडलं नाही. सलून मुंबईतच उभारायचं ठरलं. मिस्त्रींना एकच गोष्ट हवी होती: सलूनच्या झुलत्या दाराच्या बिजागरीचा जवळून फोटो. पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं, “दोन्हीकडे उघडणारी स्प्रिंगची आहे. इथे नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळते, तिकडून आणू नका.”