'सेकंड'मध्ये दोन कुठे आहेत?

'फोर'चे 'फोर्थ' आणि 'सिक्स'चे 'सिक्स्थ' होत असताना 'टू'चे एकदम 'सेकंड' का व्हावे, हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नाही. तो पडला बऱ्याच वर्षांनी, एका मजकुराचे भाषांतर करताना 'एव्हरी अदर डे' या शब्दांपाशी अडलो तेव्हा. 'अदर' म्हणजे जर 'इतर', तर त्यातून 'एक दिवसाआड' हा अर्थ निघतो कसा?

जुन्या इंग्रजीत 'अदर'चाच पूर्वज क्रमाने दुसऱ्यासाठीही वापरत असत, आणि तो अर्थ या वाक्प्रचारात टिकून राहिला आहे. मराठी माणसाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण 'दुसरा शर्ट दाखवा' म्हटल्यावर आपला दुकानदार वेगळा शर्ट काढतो, पण 'दुसऱ्या मजल्यावर जा' म्हटल्यावर आपण मजले मोजतो. गंमत अशी की 'अदर'चे नाते संस्कृतातील 'अन्य' अर्थाच्या 'अंतर' या शब्दाशी आहे, म्हणजे ज्या भाषांतरात मी अडलो होतो, त्या 'भाषांतर' शब्दातच उत्तराचा धागा होता.

इंग्रजांनी हा दुहेरी अर्थ सोडला तो १३०० च्या सुमारास फ्रेंचमधून 'सेकंड' आल्यावर. पहिल्या दहा क्रमवाचकांत परभाषेतून आलेला शब्द हा एकच. त्याचे मूळ लॅटिन 'सेकुंदुस', म्हणजे 'मागोमाग येणारा'. दोन या संख्येचा त्यात मागमूसही नाही. जहाजाच्या मागून येणारा वारा खलाशाच्या सोयीचा, म्हणून लॅटिनमध्ये याच शब्दाला 'अनुकूल' असाही अर्थ आला. त्यामागील लॅटिन धातू आणि 'सोबत असणे' या अर्थाचा संस्कृत 'सच्' धातू एकाच कुळातले आहेत, आणि 'सच्'पासूनच आपला 'सचिव' आला. मंत्रालयातला सचिव 'सेकंड'चा असा दूरचा भाऊबंद निघावा, हे मला फार आवडले.

घड्याळातला सेकंदही हाच. तासाचे साठ भाग केले की मिळतो तो लॅटिनमधला 'पहिला बारीक भाग', म्हणजे मिनिट, आणि त्याचे पुन्हा साठ केले की 'दुसरा बारीक भाग', म्हणजे सेकंद. रॉजर बेकन या इंग्रज विद्वानाने १२६७ मध्ये पौर्णिमांच्या वेळा देताना याच रीतीने 'तिसरे' आणि 'चौथे' भागही मोजले होते. घड्याळाच्या काट्यांना मात्र दुसऱ्यावरच थांबणे परवडले.