इन्स्पेक्शनच्या दिवशीचा खून

नर्सिंग स्कूलमध्ये मी २३ वर्षं ट्यूटर होते. नर्सिंग कौन्सिलचं इन्स्पेक्शन म्हटलं की आदल्या रात्री कपाटातून नव्या चादरी निघायच्या आणि मुली ट्रॉल्या घासत बसायच्या. त्यामुळे ब्रिटिश रहस्यकथा लेखिका पी. डी. जेम्स यांची ‘श्राउड फॉर अ नाइटिंगेल’ (१९७१) ही कादंबरी उघडली आणि पहिल्याच पानांत मला आमचं स्कूल दिसलं. तिथेही इन्स्पेक्शन आहे. पोटात घातलेल्या नळीतून दूध कसं द्यायचं, याचं प्रात्यक्षिक चाललंय. एक विद्यार्थिनी पेशंट होऊन झोपली आहे. दूध आत जातं आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तडफडून मरते.

मी पुस्तक मिटून ठेवलं. राइल्स ट्यूबचं, म्हणजे याच नळीचं, प्रात्यक्षिक आमच्याकडे मीच घ्यायचे.

फीड, म्हणजे नळीतून द्यायचं दूध, कोणी भरलं, ते कुठे ठेवलं होतं, मध्ये तिथे कोण फिरकलं, याच प्रश्नांवर तपास पुढे सरकतो. वॉर्डात काही चुकलं की आम्हीही हेच विचारतो. जेम्सबाई पेशाने नर्स नव्हत्या, पण १९४९ पासून त्या लंडनमध्ये हॉस्पिटल बोर्डाच्या नोकरीत होत्या. हॉस्पिटल त्यांनी कामाच्या टेबलावरून पाहिलं होतं.

ती नोकरी हौसेची नव्हती. शाळा सोळाव्या वर्षी सुटलेली. डॉक्टर नवरा महायुद्धातून परतला तो मनाने आजारी होऊन, आणि मग मनोरुग्णालयाच्या वाऱ्या. पदरात दोन मुली. घर बाईंच्या पगारावर चालायचं. त्या पहाटे उठून ऑफिसला निघण्याआधी लिहायच्या. पहिली कादंबरी आली १९६२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. दोन वर्षांनी नवरा गेला.

१९६८ मध्ये त्या ब्रिटिश गृहखात्यात गेल्या. तिथल्या कामातून फॉरेन्सिक लॅबची ओळख झाली, आणि १९७७ च्या कादंबरीत खून चक्क अशा लॅबमध्येच होतो. पुस्तकं गाजत असतानाही १९७९ पर्यंत त्यांनी नोकरी सोडली नाही. पुढे ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात मानाची जागा मिळाली, पण मला त्या आठवतात त्या पहाटेच्या टेबलाशी बसलेल्या. ड्युटीआधी डबे भरणाऱ्या माझ्या कितीतरी सिस्टर मी त्यांच्यात पाहते.

गेल्या महिन्यात हे पुस्तक मी एका जुन्या विद्यार्थिनीला दिलं. ती आता स्वतः ट्यूटर आहे. रात्री साडेअकराला तिचा फोन आला.

“मॅडम, तुम्ही आम्हाला फीड देण्याआधी प्रत्येक वेळी त्याचा वास का घ्यायला लावायचात, ते आज कळलं.”