कॅबिनेट बदलताना: पत्रा, काच आणि अर्थिंग

कोकणपट्टीच्या दमट हवेत कॉम्प्युटरचे कॅबिनेट गंजू लागते ते बहुधा कडांपासून. मागच्या कार्ड-स्लॉटच्या पट्ट्या, स्क्रूची भोके, पत्रा जिथे कापलाय ती धार. रंगवलेला सपाट भाग मात्र ठणठणीत असतो. बहुतेक कॅबिनेट एसईसीसी पत्र्याची, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने जस्ताचा पातळ थर चढवलेल्या पोलादाची असतात. जस्त आधी चढते आणि पत्रा नंतर कापला जातो, म्हणून कापलेली कड उघडीच राहते. माझे जुने मिनी टॉवर असेच गेले आणि आतला चालू संगणक नव्या कॅबिनेटमध्ये हलवला. त्यात काय मोजले, कुठे अडले, ते लिहितो.

जुना मदरबोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये बसतो, कारण इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स पद्धतीची भोके आणि मागची चौकट आजही तीच आहे. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४, मिनी आयटीएक्स १७० × १७०. माझा मायक्रो एटीएक्स. मिनी आयटीएक्सचे छोटे कॅबिनेट दिसायला सुबक, पण त्यात बोर्ड वेगळा लागतो आणि बऱ्याचदा एसएफएक्स नावाच्या छोट्या मापाचा एसएमपीएसही (वीजपुरवठ्याचा डबा). फुल टॉवर खूप मोठा. मिड टॉवर घेतला.

दुकानात मी आधी पत्रा पाहिला. बाजूचे पॅनल काढून कडेला व्हर्नियर लावायचा आणि आलेल्या आकड्यातून पावडर कोटिंगचे साधारण ०.१५ मिमी वजा करायचे. स्वस्त मालात ०.५ ते ०.६ मिमी पत्रा निघतो, बऱ्या मालात ०.७ ते ०.८. फरक किरकोळ वाटतो, पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: ०.८ चा पत्रा ०.६ च्या जवळजवळ २.४ पट ताठ. पातळ पत्र्याच्या चौकटीत पॅनलची खाच जुळत नाही, हार्ड डिस्कची थरथर सगळ्या डब्यात घुमते आणि जड ग्राफिक्स कार्डाने मागची बाजू वाकते. माझी चाचणी सोपी आहे. दोन्ही पॅनल काढून वरच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून हलके पिळायचे. चौकट पिळली गेली तर ते कॅबिनेट परत ठेवायचे.

ॲल्युमिनियम लोहचुंबकाला चिकटत नाही, एवढ्यावरून ओळखता येते. वजन पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच कमी, म्हणून तेवढाच ताठपणा हवा तर पत्रा जवळपास दीडपट जाड लागतो. तरीही पॅनल निम्म्या वजनाचे होते. पोलादासारखे ते तांबरत नाही, हा किनाऱ्यावर खरा फायदा. मात्र 'ॲल्युमिनियममुळे आतले तापमान कमी राहते' यावर विश्वास ठेवू नका. आतली उष्णता पंख्यांनी हलणाऱ्या हवेबरोबर बाहेर जाते, पत्र्यातून जाणारा वाटा नगण्य.

टेम्पर्ड काच साधारण ४ मिमीची असते आणि ४५० × ४३० मिमीचे पॅनल दोन किलोच्या आसपास भरते. तेवढेच ०.८ मिमी पोलादी पॅनल सव्वा किलोचे. काचेचा पृष्ठभाग दणकट, पण कड आणि कोपरा नाजूक. व्हिट्रिफाइड लादीवर कोपरा टेकला तरी अख्खे पॅनल क्षणात चुरा होऊ शकते. काम सुरू करायच्या आधीच काच काढून गादीवर आडवी ठेवायची. ॲक्रिलिकचा काचेसारखा चुरा होत नाही, पण ते ओरखडते, धूळ ओढते आणि अमोनिया असलेल्या काच-क्लीनरने त्यावर बारीक तडे जातात. ते फक्त ओल्या मऊ कापडाने पुसावे.

पेटीवर 'ग्राफिक्स कार्ड ३३० मिमी' लिहिलेले असते ते बहुतेक वेळा पुढे आत पंखा नसताना. पंख्याची जाडी २५ मिमी, लिक्विड कूलरचा रेडिएटर साधारण २७. दोन्ही पुढे लावले तर २७८ उरतात. माझे कार्ड २८५ चे, म्हणून पुढे फक्त पंखे.

हलवताना आधी वायरींचे फोटो, मग प्लग काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरणे, मग ग्राफिक्स कार्ड बाहेर. प्रोसेसरचा कूलर बोर्डवरच राहू दिला. नव्या कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खुंट, पूर्ण एटीएक्ससाठी लावलेले होते. मायक्रो एटीएक्सच्या भोकाखाली न येणारा प्रत्येक स्टँडऑफ काढलाच पाहिजे, नाहीतर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट होतो. मागची आय-ओ पट्टी (बोर्डाच्या मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची चौकट) बोर्डाच्या आधी बसवायची, आणि प्रोसेसरची आठ पिनांची वायर वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून आधीच ओढून ठेवायची. बोर्ड बसल्यावर तिथे बोट जात नाही.

स्क्रू दोन जातीचे. एसएमपीएस आणि ३.५ इंची हार्ड डिस्कला मोठ्या आट्यांचे ६-३२, एसएसडीला बारीक आट्यांचे एम३. ६-३२ चा स्क्रू एसएसडीत जोराने पिळला की आटे गेलेच. स्टँडऑफ दोन्हींपैकी कुठल्याही जातीचे असतात, म्हणून पहिले दोन फेरे बोटानेच द्यावेत. यूएसबीचा १९ पिनांचा जाड कनेक्टर तिरका दाबला की बोर्डावरच्या पिना वाकतात.

पुढे दोन १२० मिमी पंखे हवा आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त ठेवली की धूळ फटींतून न येता जाळीवर अडते. पुढे सलग काच असेल तर कॉम्प्युटरवर ताण टाकून पुढचे पॅनल काढून बघा. तापमान लगेच उतरले तर ते पॅनलच हवा अडवतेय. मी जाळीचे घेतले.

आता अर्थिंग. पावडर कोटिंग वीज वाहून नेत नाही, म्हणून एसएमपीएसच्या एका स्क्रूखालचा रंग खरवडला आणि प्लग भिंतीतून काढलेला असताना त्याची अर्थ पिन व कॅबिनेटचा उघडा धातू यांमधला रोध मल्टिमीटरने मोजला. तो एका ओमच्या आत हवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, टेस्टर मंद पेटत असेल, तर दोष बहुधा भिंतीत असतो: टू-पिन जोडणी किंवा नावापुरती अर्थ. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर मग कॅबिनेटला सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत ठेवतात. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटची अर्थ दुरुस्त करून घेतल्याशिवाय मशीन चालू करू नये.

शेवटी उघड्या कडांना पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात दिला, फक्त अर्थचा स्क्रू आणि स्टँडऑफ सोडून. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या नाहीत, कारण हवा सतत येजा करणाऱ्या डब्यात त्यांचा उपयोग नाही. पावसाळ्यात मशीन रोज तासभर चालू ठेवतो, आतल्या उबेने ओल बसत नाही.